चांगले पाहण्याचा निर्णय : लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई

१

मराठी आत्मचरित्रवाङ्मयाच्या अभ्यासात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाला जे मानाचे स्थान लाभले आहे, त्याविषयी आज दुमत उरलेले नाही. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची बोलकी भाषा, त्यातील प्रसंगचित्रणाचे सामर्थ्य, स्वतःकडे आणि आपल्या माणसांकडे मिस्कीलपणे पाहण्याची लेखिकेची वृत्ती यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते यथार्थही आहे. परंतु या विवेचनाचा आता एक साचा होऊन बसला आहे. लक्ष्मीबाईंच्या प्रसन्नतेचे श्रेय त्यांच्या स्वभावाला दिले जाते. त्या मुळात आनंदी, खेळकर वृत्तीच्या होत्या, म्हणून त्यांना दुःखातही हसू सापडले, अशी ही उपपत्ती आहे. त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेचा उल्लेख होतो तो चरित्रातील एक घटना म्हणून. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, १९०० साली लक्ष्मीबाईंनी घेतला, एवढे सांगून समीक्षक पुन्हा विनोदाकडे वळतो.

अशा विभागणीमुळे या ग्रंथातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या हातून निसटते, असे माझे मत आहे. संकटकाळात चांगले पाहणे ही लक्ष्मीबाईंच्या ठायी केवळ स्वभावाची देणगी नाही. तो एक निर्णय आहे, आणि त्या निर्णयाचा आधार श्रद्धा आहे. स्वभाव आपोआप वागतो, निर्णय घ्यावा लागतो आणि पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. हा फरक मान्य केला म्हणजे 'स्मृतिचित्रे'चे वाचन बदलते आणि त्याच पिढीतील पंडिता रमाबाईंच्या लेखनाशी त्याचे असलेले नातेही दिसू लागते. स्वभावाने या दोघी एकमेकींपासून अगदी भिन्न होत्या. रमाबाईंच्या लेखनात विनोद जवळजवळ नाही. असे असूनही दोघींच्या जीवनदृष्टीत जे समान आहे, ते स्वभावातून आलेले असणे शक्य नाही. ते कोठून आले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रारंभी 'चांगले पाहणे' या शब्दप्रयोगाचा ख्रिस्ती परंपरेतील अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. सर्वसाधारण बोलण्यात त्याचा अर्थ वाईटाकडे डोळेझाक करणे, मनाची समजूत घालणे असा होतो. बायबलमधील ज्या लेखनावर ही दृष्टी पोसली गेली, ते मात्र डोळेझाक करणारे नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या छोट्याशा पुस्तकाचा आरंभच देवाकडे केलेल्या तक्रारीने होतो, आणि अखेरीस जो आनंद व्यक्त होतो तो झाडे फळली नाहीत, शेते पिकली नाहीत, गोठे रिकामे आहेत अशा स्थितीची पूर्ण यादी दिल्यानंतर होतो. 'विलापगीत' या पुस्तकात यरुशलेमच्या विध्वंसाचे वर्णन आहे. देवाच्या दयेचे स्मरण त्याच्या बरोबर मध्यभागी येते आणि त्यानंतरही विलाप थांबत नाही. ईयोबाच्या कथेत तर दुःखाचा हेतू समजावून सांगणाऱ्या मित्रांनाच शेवटी देवाचा राग सहन करावा लागतो. ज्याने तक्रार केली तो ईयोब मात्र योग्य बोलला असे ठरते.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ८व्या अध्यायातील एक विधान या संदर्भात नेहमी पुढे केले जाते. ते बारकाईने वाचले तर असे दिसते की, जे जे घडते ते सर्व चांगलेच असते, असे पौल म्हणत नाही. देव त्या सर्वांतून कल्याण साधतो, एवढेच त्याचे म्हणणे आहे. या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले विधान स्वीकारले तर दुष्काळ चांगला ठरेल, अन्याय चांगला ठरेल. दुसरे विधान स्वीकारले तर दुष्काळ हा दुष्काळच राहतो आणि त्यातून काय उभे करावयाचे, हा प्रश्न माणसापुढे उभा राहतो. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांना भेटतो तेव्हा त्याच्या हातांवरच्या जखमा तशाच असतात. मृत्यूवर विजय मिळाला, पण जखमांच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेतील आशेचे स्वरूप समजून घेण्यासाठी ही प्रतिमा पुरेशी आहे.

मराठी वाचकाला ही भूमिका सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही. दुष्काळात दिवाळे निघालेल्या, घरातील माणसे गमावलेल्या तुकारामांनी आपल्यावरील आपत्ती देवाकडे नेण्यास उपकारकच ठरल्या, अशा आशयाचे अभंग लिहिले आहेत. रेव्हरंड टिळक स्वतः ख्रिस्तापर्यंत तुकारामांच्या मार्गाने पोहोचल्याचे सांगत, आणि त्यांची 'अभंगांजली' या नात्याची साक्ष देते. तरीही दोन्हींत एक फरक आहे. तुकारामांच्या त्या अभंगांचा रोख प्रपंचातील आसक्ती सुटण्याकडे आहे. संसाराचे पाश तुटले म्हणून ते कृतज्ञ आहेत. लक्ष्मीबाई आणि रमाबाई यांच्या लेखनात ही कृतज्ञता उलट दिशेने, म्हणजे पुन्हा माणसांकडे वळते. ज्या संसाराने दुखावले त्याच संसारात, ज्या माणसांनी अव्हेरले त्याच माणसांत परत येऊन राहणे, हे येथे श्रद्धेचे फळ आहे. दोहोंपैकी एक श्रेष्ठ ठरविण्याचे कारण नाही. परंतु हा फरक लक्षात घेतल्याखेरीज या दोघींच्या लेखनाचे मर्म हाती येणार नाही.

३

'स्मृतिचित्रे'तील दुःखाचा हिशोब आपण क्वचितच मांडतो. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे जन्मलेल्या या मुलीचे बालपण वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या वेडाखाली गेले. त्या घरात मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. सासरी सासऱ्यांचा जाच होता. पती बुद्धिमान, उदार आणि कमालीचे लहरी. न सांगता घर सोडून जाणे, नोकऱ्या धरणे आणि सोडणे, हाती आलेला पैसा देऊन टाकणे हे सारे त्यांच्या स्वभावातच होते. अपत्यवियोगाचे दुःख वारंवार वाट्याला आले. आणि या सर्वांवर कडी म्हणजे १८९५ मधील पतीचे धर्मांतर. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबातील स्त्रीच्या दृष्टीने नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. पुढची सुमारे पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने, पंढरपूरसारख्या ठिकाणी, लहानग्या मुलाला सांभाळीत त्यांनी काढली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. धर्मांतरितांच्या आत्मकथनाचा एक परिचित आकृतिबंध असतो. आधी अंधार, मग प्रकाश; आधीचे सर्व दुःख, नंतरचे सर्व सुख. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचे 'अरुणोदय' हे नावच या आकृतिबंधाचे सूचक आहे. लक्ष्मीबाईंच्या जीवनात हा आकृतिबंध लागू पडत नाही, कारण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे दुःख आणि त्यांची पुढची श्रद्धा ही दोन्ही एकाच दाराने घरात आली. ज्या ख्रिस्ताने पुढे त्यांना आधार दिला, त्याच्याच नावाने त्यांचा संसार आधी मोडला होता. अशा स्त्रीला 'आधी वाईट, मग चांगले' असे सरळ चित्र रेखाटता येत नाही. आणि लक्ष्मीबाई ते रेखाटीतही नाहीत. त्या विरहाच्या काळातील कडूपणा त्यांनी पुसलेला नाही. टिळकांच्या वागण्यातील बेजबाबदारपणा झाकलेला नाही. आपल्याला त्या काळी ख्रिस्ती धर्माविषयी वाटणारी घृणा सौम्य करून सांगितलेली नाही.

पतीकडे परत येण्याचा निर्णय त्यांनी श्रद्धा बदलण्यापूर्वी घेतला, ही गोष्टही दुर्लक्षिली जाते. टिळकांजवळ राहावयास आल्यावरही काही काळ त्या आपले सोवळे वेगळे सांभाळीत होत्या. मग जातिभेद ईश्वराने निर्माण केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरविले. हे परिवर्तन कोणाच्या उपदेशाने झालेले नाही. ते विचारांती घेतलेल्या निर्णयातून झाले आहे. माणसामाणसांत भेद करणारी दृष्टी टाकून देणे म्हणजेच माणसात चांगले पाहावयास सुरुवात करणे होय. जन्मापासून ज्या घरात दुसऱ्याच्या स्पर्शात अमंगळ पाहण्याचे शिक्षण मिळाले, तेथून निघालेल्या स्त्रीने हे पाऊल उचलले, या घटनेचे मोल त्या पार्श्वभूमीवरच कळते.

आता त्यांच्या विनोदाकडे पाहू. 'स्मृतिचित्रे'तील विनोद बहुतेक वेळा अशा प्रसंगी येतो जेथे तक्रारीला पुरेपूर जागा आहे. घरात काही नसताना पाहुण्यांना घेऊन येणारा नवरा, बाजारासाठी दिलेल्या पैशांचे भलतेच काही करून येणारा नवरा, या प्रसंगांतील स्त्रीची अडचण खरीच होती. लेखिकेने ती अडचण सांगितली आहे आणि त्याचबरोबर त्या माणसाचे भोळेपण, त्याची उदारताही दाखविली आहे. दोन्ही एकाच वाक्यात बसतात तेथे विनोद निर्माण होतो. म्हणजे हा विनोद दोष न लपविता गुण पाहण्याच्या दृष्टीतून जन्मतो. ख्रिस्ती परिभाषेत या दृष्टीला क्षमा म्हणतात. क्षमा करणारा अपराध नाकारीत नाही. नाकारला तर क्षमा कशाची करावयाची? तो अपराधाची नोंद ठेवून माणसाला स्वीकारतो. 'स्मृतिचित्रे'तील टिळकांचे व्यक्तिचित्र मराठीत इतके जिवंत उतरले, याचे कारण ते क्षमेच्या दृष्टीने पाहिलेले आहे. भक्तीने पाहिले असते तर ते पूजेची मूर्ती झाले असते, रागाने पाहिले असते तर आरोपपत्र झाले असते.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यानंतरची लक्ष्मीबाईंची वर्षे हा या विवेचनाचा शेवटचा पुरावा आहे. जो माणूस सांभाळता सांभाळता आयुष्य गेले, तो गेल्यावर त्यांनी त्याचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हाती घेतले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीने त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते काव्य पूर्ण केले. मुलगा वडिलांचे चरित्र लिहू पाहत होता, त्याला उपयोग व्हावा म्हणून त्या आठवणी लिहू लागल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' सिद्ध झाले. मागे वळून पाहताना काय ठेवावे आणि काय टाकावे, हे ठरविण्याचे पूर्ण स्वातंत्र्य त्यांना होते. त्यांनी काहीच टाकले नाही, आणि तरीही ग्रंथाचा सूर कृतज्ञतेचा राहिला. याला केवळ स्वभाव म्हणणे म्हणजे लेखिकेच्या साधनेचे श्रेय नाकारणे होय.

४

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत संकटांची मोजदाद करणेही कठीण आहे. १८७०च्या दशकातील दुष्काळात मद्रास इलाख्यात भटकत असता वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण यांचे मृत्यू त्यांनी पाहिले. उरलेला भाऊ १८८० साली गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२च्या आरंभी वैधव्य आले. पदरी तान्ही मनोरमा होती. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत एवढे सर्व घडून गेले होते. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले, ते नंतर पुण्यास हलविले. १८९३ साली धर्मप्रसाराच्या आरोपावरून पुण्याच्या सुधारकांनीही त्यांची साथ सोडली.

रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत या साऱ्या आयुष्यात देवाचा हात दिसतो, असे म्हटले आहे. नाव घेऊनच त्यांनी आपल्या या निवेदनाला अक्षय ठेव्याची साक्ष ठरविले. वरवर पाहता हे आत्मसमाधान वाटेल. परंतु रमाबाईंच्या कृतीशी हे लेखन ताडून पाहिले की त्याचा अर्थ उलगडतो. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या. स्वतःच्या तरुणपणीच्या उपासमारीची आठवण त्यांना घरी बसू देईना, हे त्यांनी दुष्काळाच्या अनुभवांविषयी लिहिताना नमूद केले आहे. तेथून सुमारे ३०० निराधार स्त्रिया व मुली त्यांनी आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग सुरू झाल्याने त्यांना शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली आणि 'मुक्ती'चे कार्य उभे राहिले. पुढे १९००च्या दुष्काळात गुजरातमधील मुलीही तेथे आल्या.

या घटनाक्रमातील एक सूक्ष्म भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या उपासमारीत रमाबाईंनी ईश्वरी योजना पाहिली. मध्य प्रांतातील मुलींच्या उपासमारीपुढे उभ्या राहिल्या तेव्हा मात्र त्या मुलींना योजनेचा उपदेश करून त्या थांबल्या नाहीत. त्यांना अन्न दिले, वस्त्र दिले, निवारा दिला. आपल्या दुःखातून चांगले निघाले असे म्हणण्याचा अधिकार दुःख भोगणाऱ्यालाच असतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयी तसे म्हणणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांची भूमिका घेणे. दुसऱ्याच्या दुःखापुढे श्रद्धावंताला एकच मार्ग मोकळा असतो, तो म्हणजे त्या दुःखात चांगले काही घडेल अशी कृती करणे. रमाबाईंच्या जीवनात पाहणे आणि करणे यांची ही सांगड इतकी पक्की आहे की एकाशिवाय दुसऱ्याचा विचारच करता येत नाही.

चांगले पाहणारी व्यक्ती अन्याय मुकाट्याने सोसते, हा समजही रमाबाईंनी खोटा ठरविला आहे. १८९७ साली पुण्यातील सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ होत होती तिच्याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणून त्या गप्प राहिल्या नाहीत. त्या पत्राचा वाद ब्रिटिश पार्लमेंटापर्यंत पोहोचला. वाँटेज येथील भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारातही धर्माधिकाराच्या नावाखाली आपली बुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिलेला दिसतो. आणि धर्म सोडला तरी आईवडिलांविषयीची कृतज्ञता त्यांनी सोडली नाही. लोकनिंदा पत्करून पत्नीला संस्कृत शिकविणारे वडील आणि मुलीला शिकविणारी आई यांचे ऋण त्या अखेरपर्यंत मान्य करीत राहिल्या. ज्या परंपरेवर त्यांनी कठोर टीका केली, तिच्यातील चांगलेही त्यांनी पाहिले, ही बाब त्यांचे टीकाकार आणि प्रशंसक दोघेही विसरतात.

१९२१ साली एकुलती कन्या मनोरमा गेली. रमाबाईंना त्या वेळी ऐकू येणेही फारसे उरले नव्हते. सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे त्यांचे काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंनी पतीचे अपुरे काव्य पूर्ण केले, रमाबाईंनी कन्यावियोगानंतरही भाषांतर सोडले नाही. दोघींच्याही आयुष्यात शोकाच्या पाठोपाठ भाषेचे काम आले आहे, याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे लक्ष जावयास हवे.

५

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही सारी मागाहून केलेली रचना आहे. माणूस उतारवयात आयुष्याकडे पाहतो तेव्हा त्याला सर्व घटना एका सूत्रात ओवाव्याशा वाटतात. श्रद्धा ते सूत्र पुरविते. साक्ष देणे हा तर ख्रिस्ती समाजात रूढ असलेला प्रकार आहे, आणि त्याचा शेवट देवाच्या स्तुतीतच व्हावा लागतो. हा आक्षेप निराधार नाही. रमाबाईंच्या साक्षीवर या संकेताची छाया निश्चित आहे. परंतु लेखन मागाहूनचे असले तरी कृती मागाहूनची नसते. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या तेव्हा आत्मचरित्राचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या तेव्हा त्यांची साक्ष लिहून व्हावयास दहा वर्षे अवकाश होता. लेखनात जी दृष्टी दिसते ती आधी जगण्यात उतरलेली होती, म्हणून ती केवळ निवेदनतंत्र ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुःखात चांगले पाहा, हा उपदेश नेहमी दुबळ्यांना केला जातो. त्यामुळे दुःख देणारी व्यवस्था सुरक्षित राहते. स्त्रियांना, दलितांना, गरिबांना सहनशीलतेचे धडे देण्यासाठी धर्माचा असा उपयोग झालेला आहे, ख्रिस्ती धर्माचाही झालेला आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. म्हणूनच या दृष्टीची खरीखोटी पारख करण्याच्या कसोट्या आपल्यापाशी असाव्यात. वरील विवेचनातून अशा चार कसोट्या हाती येतात. चांगले पाहताना दुःखाची नोंद पुसली जाऊ नये. अन्याय करणाऱ्याचे समर्थन होऊ नये. ते पाहणे कृतीपर्यंत पोहोचावे. आणि ते स्वतःपुरते असावे. दुसऱ्यावर लादले जाऊ नये. या चारही कसोट्यांना उतरणारी दृष्टी व्यवस्थेला सोयीची नसते. प्लेग रुग्णालयाविषयीचे पत्र राज्यकर्त्यांना सोयीचे नव्हते, आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निर्णय जातिव्यवस्थेला सोयीचा नव्हता.

ही परंपरा एकोणिसाव्या शतकातच संपली, असेही नाही. दीर्घकाळ 'सुवार्ता' मासिकाचे संपादन करणारे, बायबलचे 'सुबोध बायबल' या नावाने भाषांतर करणारे आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावरही उतरले होते. २०२४ साली ते निवर्तले. प्रार्थना आणि प्रतिकार यांत त्यांना विरोध दिसला नाही. रमाबाईंच्या पत्राशी त्यांचे हे नाते जुळते.

६

या सर्व विवेचनाचा आपल्या अध्ययन-अध्यापनाशी सरळ संबंध आहे. 'स्मृतिचित्रे' शिकविताना आपण बहुधा गमतीचे प्रसंग निवडतो, कारण ते वर्गात रंगतात. विद्यार्थी हसतात आणि पुस्तक बंद करतात. लक्ष्मीबाई त्यांच्या लेखी एक विनोदी आजी होऊन राहतात. रमाबाईंचे नाव सुधारणेच्या इतिहासात येते. त्यांचे लेखन मराठीच्या वर्गात फारसे येतच नाही. परिणामी मराठी ख्रिस्ती साहित्य म्हणजे धर्मांतरितांचे एक लहानसे दालन, असा समज दृढ होतो. वस्तुतः या साहित्याने मराठीला दुःखाकडे पाहण्याची एक स्वतंत्र रीत दिली. या रीतीत दुःख नाकारले जात नाही, त्याचे उदात्तीकरणही होत नाही. त्याची नोंद ठेवून त्यातून काही उभे केले जाते.

श्रद्धा नसलेल्या अभ्यासकाला हे लेखन समजणार नाही काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. तुकारामांचे अभंग समजण्यासाठी वारकरी असावे लागत नाही. मात्र वारी म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते. त्याच न्यायाने 'स्मृतिचित्रे'च्या वाचकाने ख्रिस्ती असण्याचे कारण नाही, परंतु क्षमा, कृपा, साक्ष, आशा या शब्दांना त्या परंपरेत कोणता अर्थ आहे, हे त्याने जाणून घेतले पाहिजे. २०१७ साली शांता गोखले यांच्या इंग्रजी अनुवादामुळे हा ग्रंथ मराठीबाहेरही गेला आहे. बाहेरचे वाचक तो आपापल्या परीने वाचतील. त्याच्या मुळाशी असलेला श्रद्धेचा ओलावा दाखविण्याची जबाबदारी मात्र मराठीच्या अभ्यासकांवर येते.

आपल्या पिढीनेही साथी पाहिल्या, दुष्काळ पाहिले, माणसे अकाली जाताना पाहिली. अशा काळात साहित्याकडे दोन मागण्या केल्या जातात. काहींना त्याने केवळ दिलासा द्यावा असे वाटते, काहींना त्याने केवळ दाहकता मांडावी असे वाटते. लक्ष्मीबाई आणि रमाबाई यांचे लेखन या दोन्ही मागण्या अपुऱ्या ठरविते. त्यांनी दाहकता पुरती सांगितली, आणि तरीही ज्या माणसांत राहावयाचे त्यांच्याविषयीची आशा सोडली नाही. हे कसे शक्य झाले याचे उत्तर त्यांच्या श्रद्धेत आहे. ते उत्तर आपण स्वीकारावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न; परंतु ते उत्तर वगळून त्यांचे लेखन शिकविणे म्हणजे त्यांना अर्धेच वाचणे होय.